वाचकांचे प्रश्न : शहरातील छोट्या रानातल्या पायवाटा

गावाशेजारच्या टेकडीवर, नाल्याकाठी किंवा वसाहतीच्या खुल्या जागेत वाढलेल्या छोट्या रानाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. तापीच्या दोन्ही तीरांवरून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा विषय एकच निघाला, तो म्हणजे पायवाट. ती कोठून काढावी, किती रुंद ठेवावी, तिच्यावर काय पसरावे, दिवे लावावेत की नाहीत. झाडांविषयी विचारणारे थोडे आणि वाटेविषयी विचारणारे फार, याचे प्रारंभी नवल वाटले. परंतु पत्रे वाचता वाचता ध्यानात आले की वाचकांनी नेमके मर्मावरच बोट ठेवले आहे. पाच-दहा एकरांच्या जागेचे रान राहणार की बगीचा होणार, हे तेथे झाडे कोणती लावली यापेक्षा माणसे कोठून चालतात यावर अधिक ठरते. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वसाहतीमागे सुमारे १० एकरांचा चौकोनी तुकडा आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तेथे कडुनिंब, करंज, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले गेले. आता चांगली सावली झाली आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांची संख्या वाढल्याने जागोजागी वाटा पडल्या आहेत. मध्यावर एकमेकींना छेदतील अशा दोन मुख्य वाटा आखून घ्याव्यात, म्हणजे चारही बाजूंच्या घरांची सोय होईल, असे बहुतेकांचे मत आहे. हे योग्य होईल काय? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : घरांची सोय होईल, पण रानाची होणार नाही. ते कसे, हे थोड्या हिशेबाने पाहू. १० एकर म्हणजे सुमारे ४ हेक्टर, अर्थात २०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद असा चौकोन. माणूस वाटेने चालू लागला की तिच्या दोन्ही अंगांना काही अंतरापर्यंत पक्षी उठतात, मुंगूस बिळात शिरते, सरडा खोडामागे वळतो. हे अंतर प्राण्यागणिक निराळे असते. बुलबुल आणि सातभाई माणसाला बरेच जवळ येऊ देतात, लांडोर मात्र दुरूनच काढता पाय घेते. हिशेबापुरते ते २० मीटर धरू, आणि चौकोनाच्या चारही कडांना घरे व रस्ते असल्यामुळे बाहेरचा २० मीटरांचा पट्टा मुळातच गजबजलेला आहे असे समजू.

आता मध्यावर छेदणाऱ्या दोन वाटा काढल्या, तर शांत जागेचे चार तुकडे उरतात आणि त्यांतील प्रत्येक ६० मीटर लांब व तितकाच रुंद असतो, म्हणजे एकरभरही भरत नाही. त्याऐवजी कडेपासून २० मीटर आत राहून चौकोनाला वळसा घालणारी एकच वाट काढली, तर मध्ये १२० मीटर लांबी-रुंदीचा एकसंध गाभा शिल्लक राहतो. गंमत अशी की दोन्ही आखण्यांत शांत जागेचे एकूण क्षेत्र तेवढेच, १.४४ हेक्टर, येते. फरक एवढाच की एकीत ते सलग राहते आणि दुसरीत त्याचे चार तुकडे पडतात, आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या किंवा झुडपांत दडणाऱ्या जिवांना याच फरकावर जगायचे असते. चालणाऱ्याचाही यात तोटा नाही. छेदणाऱ्या दोन वाटांची लांबी मिळून ४०० मीटर, तर वळशाच्या वाटेची ६४० मीटर भरते. पाच फेऱ्या घातल्या की तीन किलोमीटरांहून अधिक चाल होते.

आपल्या रानाचा आकार इतका रेखीव नसणार आणि वाटही फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ नसावी, हे उघड आहे. तत्त्व मात्र तेच राहते : वाट कडेच्या बाजूने, गाभा मोकळा. दोन बाजूंना एकेक फाटक पुरेसे आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी स्वतंत्र फाटक मागणारे शेजारी असतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा लागेल.

आधीच पडलेल्या चोरवाटांचे काय, हा यातील अवघड भाग. फलक लावून त्या बंद होत नाहीत. एखादी चोरवाट बुजवण्यापूर्वी आठवडाभर तेथे उभे राहून लोक तिने का जातात हे पाहावे, कारण बहुतेक वेळा त्यामागे कारण असते : पलीकडे दुधाचे केंद्र असते, शाळेचे मागचे दार असते, किंवा मुख्य वाटेवर पाणी साचलेले असते. कारण रास्त असेल तर ती एक वाट मान्य करून बाकीच्या बंद कराव्यात. बंद करताना मधला भाग सोडून दोन्ही तोंडांकडे लक्ष द्यावे. तोंडाशी बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या अशा पसराव्यात की वाट दिसणारच नाही, आणि पाच-सात मीटरपर्यंतची दबलेली माती टिकावाने भुसभुशीत करून पावसाच्या तोंडावर गवताचे बी टाकावे. जी वाट दिसत नाही तिच्याकडे पाय वळत नाहीत. दोन पावसाळ्यांत ती बुजते.

प्रश्न : आमच्याकडील टेकडीवर वनीकरण झालेले आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ चढणारी जी पायवाट लोकांनी पाडली, तिची दर पावसाळ्यात घळ होत असून आता काही ठिकाणी ती गुडघाभर खोल झाली आहे. काही लोक बाजूने, समतल चरांच्या (पाणी मुरवण्यासाठी उताराला आडव्या खोदलेल्या चरांच्या) बांधांवरून चालू लागले आहेत. सिमेंटच्या पायऱ्या कराव्यात असा विचार आहे. (एक वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : पायऱ्यांनी चढ सोपा होईल, घळ मात्र थांबणार नाही, ती पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सरकेल आणि चार-पाच वर्षांत पायऱ्यांखालची मातीही घेऊन जाईल. दोष वाटेच्या पृष्ठभागात नसून तिच्या दिशेत आहे. पाणी ज्या रेषेने टेकडी उतरते त्याच रेषेने आपली वाट चढते, म्हणून पहिल्या मोठ्या सरीबरोबर ती नाल्याचे काम करू लागते.

याला एक साधा आणि सर्वत्र वापरला जाणारा नियम आहे. वाटेचा चढ हा टेकडीच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि एकंदरीत १०० मीटर चालीमागे १० मीटरांहून अधिक नसावा. टेकडीचा उतार १०० मीटरांत २० मीटर असेल तर वाट १० मीटरच चढेल, १२ मीटरच असेल तर वाट ६ मीटर चढेल. हे प्रमाण पाळले की वरून आलेले पाणी वाटेवरून आडवे जाऊन पलीकडे उतरते. प्रमाण मोडले की ते वाटेच्या लांबीने धावू लागते. म्हणजे तीव्र उतारावर चढ अधिक चालतो आणि सपाटीजवळ कमी, हे ऐकायला उलटे वाटते, परंतु घळी पाहिल्यास जवळजवळ सपाट भागात सरळ खाली गेलेल्या वाटाही खोलगट झालेल्या आढळतील, त्याचे कारण हेच.

चढ मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि मोजपट्टी एवढ्यावर दोन माणसे सकाळभरात निम्मी टेकडी आखू शकतात. आखलेली रेषा फक्कीने मारून ठेवावी, पण खोदायला घाई करू नये. आम्ही काही मित्रांनी एका टेकडीवर डिसेंबरात फक्की मारली, जानेवारीत वाट खोदली आणि जुलैत पाहतो तो तिचा चाळीस पावलांचा तुकडा पाण्याखाली. हिवाळ्यात जी जागा सपाट आणि सोयीची वाटली होती तेथे वरच्या दोन ओघळींचे पाणी येऊन थांबत होते. तेव्हापासून पहिल्या पावसात छत्री घेऊन आखणीवरून एकदा चालून आल्याखेरीज कुदळ हाती घ्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे.

वाटेची रुंदी १.२ मीटर पुरते. तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर खाली ठेवावी, म्हणजे पाणी बाहेर सांडते. दर १५-२० मीटरांवर वाट किंचित खाली उतरून पुन्हा चढेल अशी लय ठेवली तर पाणी त्या खोलग्यातून बाहेर पडते आणि चालणाऱ्यास ते जाणवतही नाही. माथ्याकडचा भाग मुरमाड असेल तर वर काहीही पसरण्याची गरज नाही. पायथ्याशी काळी माती असल्यास मात्र मुरुमाचा हातभर जाड थर द्यावा लागतो, कारण भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते, पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. चिखल चुकवण्यासाठी लोक कडेने चालतात आणि दोन फुटांची वाट एका पावसाळ्यात दोन मीटरांची होते.

आता चरांविषयी. सलग समतल चर हे बहुधा ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतात आणि त्यांतून काढलेली माती खालच्या अंगाला बांधासारखी घातलेली असते. हा बांध सपाट, मोकळा आणि समपातळीत असल्याने चालायला फार मोह घालतो. तो मोह आवरायला हवा. बांध पायांनी दबून एका ठिकाणी जरी खचला, तरी भरलेला चर तेथून फुटतो आणि त्याचे एकवटलेले पाणी खालचे दोन-तीन चर फोडत जाते. नवी वाट बांधाच्या खाली दोन मीटर अंतर राखून चरांना जवळजवळ समांतर न्यावी आणि चर ओलांडण्याच्या जागा मोजक्या ठेवून तेथे मोठे सपाट दगड बसवावेत. जुन्या घळीत आठ-दहा मीटरांवर गुडघ्याहून कमी उंचीचे अनघड दगडी बांध घालावेत. गाळ भरत जाईल आणि वरच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्यास माणसेही वळतील. आपल्या धुळे-नंदुरबार भागात भिंतीसारख्या लांबच लांब काळ्या दगडी रांगा आहेत, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. आपली टेकडी त्यांपैकी असेल तर दगड शोधायला दूर जावे लागणार नाही. फक्त तो कड्यातून उपटू नये, पायथ्याशी पडलेलाच घ्यावा.

टेकडी कोणाच्या मालकीची आहे हे सातबाऱ्यावर पाहून घ्यावे, आणि ती वनजमीन असेल तर वनविभागाच्या परवानगीवाचून यातील कोणतेही खोदकाम करू नये.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा आहे. आमच्या प्रभागातील छोट्या रानात पेव्हर ब्लॉकची वाट आणि दोन्ही बाजूंना दिवे बसवावेत, अशी आम्हा ज्येष्ठांची मागणी आहे. काही तरुण मंडळी त्यास विरोध करतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने खडबडीत वाटेने कसे चालावे? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि ‘रान म्हणजे रान, ज्याला झेपेल त्याने यावे’ ही भूमिका आम्हास मान्य नाही. परंतु पेव्हर ब्लॉक हे तिचे उत्तर नव्हे. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. ब्लॉक बसवण्यासाठी तेवढाच थर खोदून, दाबून, त्यावर कच अंथरावी लागते. पाच-सहा वर्षांनी उरलेली मुळे जाड होऊन ब्लॉक उचलतात आणि सपाट म्हणून केलेली वाट ठेचकाळण्याची होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतालचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला होता, तो अशा सिमेंटाने मुळांची कोंडी होते म्हणून. शिवाय खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दिवसभर तापलेले सिमेंट रात्र पडली तरी उष्णता सोडत राहते. ज्या गारव्यासाठी आपण रानात जातो तोच आपल्या पायाखाली मारला जातो.

त्याऐवजी फाटकापासून १५०-२०० मीटरांचा एक तुकडा निवडावा, जेथे जमीन जवळजवळ सपाट आहे. तो १.८ मीटर रुंद ठेवून, चाळलेला मुरूम आणि खडीची भुकटी एकत्र करून, पाणी मारून रोलरने पक्का दाबावा. चढ २० मीटरांमागे १ मीटरहून अधिक नको. अशा वाटेवरून काठी घेऊन चालता येते आणि चाकाची खुर्चीही जाते. दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. दर ४०-५० मीटरांवर पाठ व हात टेकवता येतील असे बाक ठेवावेत, कारण हातांना आधार मिळाला तरच दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला उठता येते, आणि बगीच्यांतील बाक बनवणारे हे नेमके विसरतात. पुढची वाट मात्र अरुंद आणि कच्ची राहू द्यावी.

दिवे फाटकाशी आणि बाहेरच्या रस्त्याच्या कडेला असावेत, आत नसावेत. उजेडाकडे किडे खेचले जातात, ते खाण्यासाठी पाली आणि बेडूक येतात, त्यांच्यामागे साप येतात. म्हणजे वाट सुरक्षित करण्यासाठी लावलेला दिवा सापाला वाटेवरच बोलावतो. आपल्या रानात संध्याकाळी चिरचिर ओरडणारा ठिपक्यांचा पिंगळाही अंधाराचा रहिवासी आहे. जाता जाता सांगतो, हा नेहमीचा पिंगळा म्हणजे ‘रान पिंगळा’ नव्हे. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि जो नामशेष झाला असे मानले जात होते, तो रान पिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला; त्याला सातपुड्यासारखे जंगल लागते, प्रभागातले दहा एकर नव्हेत.

प्रश्न : पहाटे फिरायला जायची इच्छा असते, पण झाडीत एकटीने जाण्याची भीती वाटते. झुडपे काढून टाकली तर रान कसले, आणि ठेवली तर भीती जात नाही. यातून मार्ग आहे का? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : आहे, आणि तो काढण्यासाठी सगळी झुडपे तोडावी लागत नाहीत. झाडी दाट असल्याने भीती वाटते असे आपण म्हणतो, परंतु बारकाईने पाहिल्यास पुढे कोण आहे हे दिसत नाही आणि परत फिरायला जागा नाही, या दोन गोष्टींनी ती वाटते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरांपर्यंत झुडपे मांडीच्या उंचीवर राखावीत आणि झाडांच्या खालच्या फांद्या आठ फुटांपर्यंत छाटाव्यात, म्हणजे खोडांमधून नजर दूर जाते. त्यापलीकडे करवंद, बोर, हेंकळ काय वाढायचे ते वाढू द्यावे. वळणे असावीत, पण ती मोठ्या घेराची, ज्यांत पंचवीस-तीस पावले पुढचे दिसते. वळशाच्या वाटेला मध्ये एक तरी बाहेर पडण्याची जागा असावी. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांची वाटेलगतची गचपणे मात्र मुळासकट काढली तरी हळहळ वाटण्याचे कारण नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. फाटक साडेपाचला उघडावे आणि पहिला तासभर तेथे राखणदार हजर असावा, हा आग्रह वसाहतीने धरलाच पाहिजे. रान कितीही सुंदर आखले तरी ओळखीच्या चार बायका रोज त्याच वेळी तेथे असणे याची बरोबरी कोणतीही आखणी करू शकत नाही, हेही मान्य करावे लागेल. ११२ हा क्रमांक फोनमध्ये वरच्या जागी ठेवावा, आणि फाटकावर त्या जागेचे नाव व जवळची खूण मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. घाबरलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे सांगणेच कठीण जाते.

प्रश्न : पावसाळ्यात वाटेवर साप दिसतात. सर्पमित्रांना बोलावून सगळे पकडून न्यावेत का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : नेऊ नयेत. रिकामी झालेली जागा दुसरा साप घेतो आणि उंदीर तेवढे वाढतात. दिसणाऱ्या सापांत धामण, तस्कर, दिवड असे बिनविषारीच अधिक असतात. मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि त्यांची ओळख प्रत्येक नियमित चालणाऱ्याला असावी. घोणस गवतात वेटोळे करून पडते आणि डिवचल्यास कुकरच्या शिटीसारखा फूत्कार टाकते. मण्यार रात्रीची हिंडते, म्हणून अंधारात बॅटरीवाचून चालू नये. वाटेवरचे गवत घोट्याच्या वर वाढू देऊ नये, सँडल घालून जाऊ नये, आणि दगडांचे ढीग वाटेपासून दूर असावेत. दंश झालाच तर जखम कापू नये, करकचून दोरी बांधू नये, हातातील अंगठी-कडे काढून टाकावे, दंश झालेला भाग हलू न देता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात असते, हे आजच विचारून फाटकावर लिहून ठेवावे.

प्रश्न : उन्हाळ्यात पानगळीने वाट भरून जाते. पाचोळा गोळा करून जाळावा काय? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : मुळीच नको. आपली झाडी पानगळीची आहे. पळस, सालई, साग ही झाडे याच दिवसांत उघडी पडतात आणि तो पाचोळाच पुढच्या पावसाळ्याची माती असते. वाटेवरचा पाचोळा दाताळ्याने ओढून झाडांखाली सारावा, एवढेच काम आहे. धोका आहे तो वाळलेल्या गवताचा. कुसळी आणि पवन्या दिवाळीनंतर पिवळे पडतात आणि विडीच्या एका थोटकाने पेटतात. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो आणि त्याआधी जंगलात जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढलेले पट्टे, काढतो. छोट्या रानात वेगळी जाळरेषा काढण्याची गरज नाही. कडेने फिरणारी पायवाटच ते काम करते, फक्त जानेवारीअखेर तिच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटरभर गवत कापून उचलायला हवे. कापलेले गवत शेजारच्या गोठ्यांना द्यावे. वाट कडेच्या बाजूने न्यावी असे आम्ही पहिल्या उत्तरात म्हटले, त्याचा हा आणखी एक उपयोग.

प्रश्न : आमच्या खुल्या जागेत मियावाकी पद्धतीने लागवड झाली आहे. तिच्यातून पायवाट काढता येईल का? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : काढू नये. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. त्या दाटीतच तिचे बळ आहे आणि मीटरभर वाट काढली तरी काही ओळी जाऊन आत ऊन-वारा शिरतो. अशी लागवड रस्त्याच्या बाजूला आडोसा म्हणून उत्तम. वाट तिच्या बाहेरून न्यावी. वाटेसाठी झाड काढण्याचा प्रसंग कोठेही आला तर शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा लागू असतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारशाचा दर्जा दिला आहे. झाडांवर नावाच्या पाट्या खिळ्यांनी ठोकू नयेत, हे पुष्कळांनी विचारले होते म्हणून येथेच सांगतो. पाटी खुंटावर लावावी आणि तीवर ‘निंब’, ‘हिवर’, ‘अंजन’ अशी आपल्याकडची नावे आधी लिहावीत.

प्रश्न : वर्षभर लोक चालतात, शेळ्याही शिरतात. रानाला विश्रांती द्यायची तर वाट बंद करावी लागेल, आणि लोक ऐकणार नाहीत. काय करावे? (एक वाचक, साक्री)

उत्तर : साक्री तालुक्यातून हा प्रश्न यावा याची मौज वाटली, कारण उत्तर आपल्याच शेजारी आहे. बारीपाड्याच्या गावकऱ्यांनी तोड आणि चराई यांविषयीचे नियम स्वतः ठरवून, स्वतः राखण करून जंगल वाढवले. त्या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. नियम ज्यांना लागू व्हायचा त्यांनीच तो करायचा, हा त्यातला भाग शहरातही उचलता येतो. शेळ्या राखणाऱ्यांना बैठकीस बोलवा आणि चराईऐवजी कापून नेण्याचे गवत त्यांच्या नावे करून द्या. त्यांना वगळून केलेला ठराव पहिल्या आठवड्यात मोडेल.

विश्रांतीसाठी पांझरा आणि मोसम या नद्यांवरील जुन्या फड पद्धतीची आठवण द्यावीशी वाटते. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या गटांत, वाटून प्रत्येक फडात एकच पीक घेत आणि फडांतील पिके पाळीने बदलत. आपणही वळशाच्या वाटेचे दोन फड करावेत. टिटवीची घरटी उन्हाळ्यापासूनच जमिनीवर असतात आणि लांडोरीची पावसाळ्यात. ओल्या मातीवर पायांचे दडपणही याच काळात सर्वाधिक बसते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत एक फड बंद आणि दुसरा उघडा ठेवावा, पुढच्या वर्षी उलट. चालणाऱ्यांना त्या चार महिन्यांत निम्म्याच वाटेवर जाऊन-येऊन फेऱ्या माराव्या लागतील, एवढीच गैरसोय. बंद फडाच्या तोंडाशी बाभळीची फांदी आणि पुन्हा केव्हा उघडेल ती तारीख लिहिलेली पाटी ठेवावी. नुसते ‘प्रवेश बंद’ लिहिलेले लोक ओलांडतात, पण तारीख लिहिलेली असली की बहुतेक जण थांबतात, असा आमच्या टेकडीवरचा अनुभव आहे.